डावा हात पाण्याबाहेर

११ एप्रिल

डायरी यांची आहे. भिलाईच्या स्टील प्लांटातून मिळालेली, २०१९ची, एकही पान न लिहिलेली. छापलेले वार यंदाच्या वारांशी जुळत नाहीत, तेव्हा तारीख तेवढी घ्यायची आणि वाराकडे बघायचं नाही असं ठरवलं आहे. यांना जाऊन तीन वर्षं होतील, पण यांच्या कपाटातली कोरी वस्तूसुद्धा टाकवत नाही.

उद्यापासून पोहायला जायचं. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं. फॉर्म नीतूने, माझ्या सुनेने, भरून टाकला. तिची हॉस्पिटलातली ड्यूटी सहाला असते, ती जाताना मला सेक्टरातल्या स्विमिंगच्या तलावावर सोडेल, परत जुनवानीला मी ऑटोने येईन. त्रेसष्टाव्या वर्षी पोहण्याचा पोशाख कसला घालायचा, म्हटलं. ती म्हणाली, "मम्मी, तिथे सगळ्या सलवार-कुर्त्यातच उतरतात. तुमचे कोण फोटो काढून राहिलं?"

खरं कारण वेगळं आहे. तो तलाव यांचा. किती वर्षं मी जाळीबाहेरच्या बाकावर थर्मास घेऊन बसले. पाण्यात हे, बाकावर मी. आता पाण्यात मी आणि बाक रिकामा, हे डोळ्यांसमोर येत नाही.

१२ एप्रिल

गेले एकदाची. साडेपाचला नुकतं उजाडत होतं आणि चाळीस-एक बायका आधीच पाण्यात. इतकी गर्दी की पाण्यापेक्षा माणसंच जास्त. लेन सहा. नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण प्रत्येकीला पाठ. भिंतीला धरून रांगेत उभं राहायचं, पुढची निळ्या पट्टीपर्यंत गेली की आपण सुटायचं. मध्ये घुसायचं नाही, ओलांडायचं नाही. तीन नंबरची लेन सगळ्यात चांगली, ताजं पाणी तिथूनच आत येतं, थंड आणि नितळ. ती जुन्यांची. सहा नंबर नव्यांची, तिच्यावर गुलमोहर वाकलेला आहे आणि तोंडात पाकळ्या जातात. मी सहा नंबरला.

नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला बेडकासारखं पोहायला शिकवायच्या. हनुवटी वर, पाणी उडवायचं नाही, आवाज करायचा नाही. ते अंगात शिल्लक होतं. दोन फेऱ्यांत धाप लागली तरी बरं वाटलं. आम्रपाली म्हणून पंचविशीची कोच आहे, शिट्टी गळ्यात. ती म्हणाली, "आंटी, स्टाइल एकदम मस्त आहे तुमची, बस दम नहीं है. रोज आओ."

यांची स्टाइल मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हती. हे कुशीवर पोहायचे आणि डावा हात सबंध वेळ पाण्याबाहेर, ताठ, जशी काही त्यात छत्री धरली आहे. उजव्या हाताने पाणी ओढायचं, पायांची कात्री. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसता हसता मी चहा सांडला होता. विचारलं तर म्हणाले, सवय आहे. पुन्हा कधी विचारलं नाही. असं पोहणारा माणूस जगात एकच आणि तो माझा, एवढं मला पुरे होतं.

१६ एप्रिल

आज पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

रांगेत माझी पाळी आली होती. सहज डावीकडे पाहिलं. तीन नंबरमध्ये एक बाई चालली होती. कुशीवर. डावा हात पाण्याबाहेर, ताठ. पायांची कात्री, दर तिसऱ्या ओढीला मान किंचित मागे. मान मागे टाकणंसुद्धा तेच.

मी सुटलेच नाही. मागच्या बायका ओरडायला लागल्या, मॅडम जाओ, मॅडम सो गए क्या. मी बाजूला झाले, पायऱ्यांवर बसले आणि त्या बाईच्या बारा फेऱ्या मोजल्या.

पन्नाशीची असेल. सावळी, चपळ, केसांना घट्ट गाठ. बाहेर आली ती कोणाशी न बोलता कपडे बदलायला गेली आणि सायकलवर निघून गेली. हातात बांगड्या, गळ्यात काळी पोत. म्हणजे नवरा आहे.

आपोआप कोणी असं पोहत नाही. शिकवावं लागतं.

१८ एप्रिल

आम्रपालीला विचारलं, तेही सहज वाटेल असं, की ती तीन नंबरवाली कोण, फार वेगळं पोहते. रुक्मा, म्हणाली. कॅम्प-१ला राहते, नवरा जामुलच्या सिमेंट फॅक्टरीत, स्वतः एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. पाच वर्षांपासून येते. "मी तिला फ्रीस्टाइल शिकवायचा खूप ट्राय केला आंटी, सुधरतच नाही. हात खालीच करत नाही. म्हटलं, चलो, ये भी ठीक है."

पाच वर्षं. म्हणजे हे होते तेव्हापासून.

मेसमधल्या बाईला या तलावाचा पास मिळतो कसा? तो प्लांटवाल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना.

२० एप्रिल

आज मी मुद्दाम कपडे बदलायच्या खोलीत रेंगाळले. ती आली, मला पाहून थबकली. मग स्वतःच म्हणाली, "तुम्ही देवीदासभाऊच्या मिसेस ना जी? बाकावर बसत होत्या."

मी हो म्हटलं. तुम्ही यांना कशा ओळखता, असं विचारलं. तिने टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली. म्हणाली, "असंच जी. ओळख होती." आणि ओल्या केसांनीच निघून गेली.

ज्याला लपवायचं नाही तो ‘असंच’ म्हणत नाही.

बाकावर मी बसत होते हे तिने कुठून पाहिलं? यांची बॅच संध्याकाळची, पुरुषांची. ती तिथे कशाला येत होती?

२५ एप्रिल

झोप लागत नाही. लग्नाचे दिवस आठवतात. माझे बाबा रेल्वेत अधिकारी, हे नदीकाठच्या खेड्यातले, पिंपळघाटचे, वैनगंगेच्या अगदी काठावर. डिप्लोमात पहिले आले म्हणून बाबांनी पसंत केलं. गावी मी एकदाच गेले, लग्नानंतर, दोन दिवस. सासू-सासरे लवकरच गेले, मग जाणं राहिलंच.

सुरुवातीला हे मले, तुले म्हणायचे. मी लाडाने चिडवायचे. मला म्हणा, मला. एकदा माझ्या मैत्रिणींसमोर यांनी ‘का’च्या जागी ‘कावून’ म्हटलं आणि सगळ्या हसल्या, मीही. त्यानंतर इतकं स्वच्छ बोलायला लागले की कोणाला खेड्यातले वाटू नयेत. मासेही सोडले. आमच्याकडे चालत नव्हते. मी सोडा म्हटलं नव्हतं, फक्त म्हटलं होतं की तो वास मला सहन होत नाही. एवढ्यावर माणसाने आयुष्यभराची आवड सोडली. कोण करतं कोणासाठी इतकं? या एका गोष्टीवर मी किती वर्षं मनातल्या मनात श्रीमंत होते.

आणि रविवार. शेवटची दहा-बारा वर्षं दर एक रविवार सोडून यांना शटडाउनची ड्यूटी असायची. मिलमध्ये मशीन बंद ठेवून दुरुस्ती. सकाळी नऊला जायचे आणि तिसऱ्या प्रहरी तलावावर पोहून मगच घरी. अंगाला क्लोरीनचा वास यायचा. मला तो आवडायचा. मी म्हणायचे, माझ्या माणसाला रविवारचा वास येतो.

हे लिहिताना हात थांबला. मिलमध्ये इतकी शटडाउन असतात?

२८ एप्रिल

विजयकुमारजींना फोन केला. हे आणि ते एकाच मिलमध्ये होते, एकाच वर्षी निवृत्त झाले. गुडघ्यांचं, उन्हाचं बोलून झालं. मग म्हटलं, तुम्हा लोकांचे रविवार किती वाया जायचे, शटडाउनमुळे.

ते हसले. "वहिनी, कसले रविवार? शटडाउन सहा महिन्यांतून एकदा. रविवारी तर आम्ही झोपा काढायचो."

मी म्हटलं, हो का, माझी आठवण चुकली असेल.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन डाळ निवडत बसले. एकही खडा नव्हता. तरी दोनदा निवडली.

२ मे

पासाचं मे महिन्याचं नूतनीकरण होतं. ऑफिसात धम्मपाल म्हणून क्लार्क आहेत, त्यांना फोटो द्यायचा होता. ते आतून शिक्का आणायला गेले, रजिस्टर टेबलावर उघडंच. मी दुसऱ्याचं पत्र कधी उघडलं नाही. मुलाचंसुद्धा नाही. आज रजिस्टर माझ्याकडे वळवून घेतलं आणि पानं मागे नेली.

रुक्माचं नाव सापडलं. शिफारस करणाऱ्याच्या रकान्यात यांची सही, ती दोन दांड्यांची. नात्याच्या रकान्यात यांच्याच अक्षरात: बहीण.

यांना बहीण नव्हती. हे एकुलते एक. लग्नात करवली म्हणून शेजारची मुलगी उभी केली होती.

धम्मपालजी आले तेव्हा रजिस्टर जागेवर होतं. म्हणाले, "मॅडम, तब्येत ठीक आहे ना? पाणी देऊ?"

एवढ्या सरळ माणसाने सरकारी कागदावर खोटं लिहिलं. आणि लिहायला तोच शब्द सुचला. पुरुषांना तोच सुचत असावा.

३ मे

अर्ज दिला. इंग्रजीत, दोन परिच्छेद, कॉन्व्हेंटचं अक्षर. माझ्या दिवंगत पतींना बहीण नव्हती, तरी त्यांच्या शिफारशीवर खोट्या नात्याने पास घेतला गेला आहे, नियमाप्रमाणे चौकशी व्हावी. यात एकही शब्द खोटा नाही. कोणावर आरोप नाही.

५ मे

नीतूला कळलं. धम्मपालजी तिच्या हॉस्पिटलात रक्त तपासायला गेले होते, त्यांनीच सांगितलं. रात्री भांडी आवरताना तिने विषय काढला. मी सगळं सांगितलं, रविवार, क्लोरीन, रकाना. तिने हातातलं ताट पुसून ठेवलं. मग म्हणाली, "मम्मी, तुम्ही मेलेल्या माणसाशी भांडून राहिल्या. आणि मार त्या बाईला बसेल."

मी म्हटलं, तिने मला तोंडावर सांगावं मग.

"तुम्ही तिला तोंडावर विचारलं का?"

विचारलं होतं की. ‘असंच’ म्हणाली.

९ मे

आज फाटकावर तिला थांबवलं. मी माझ्या लेनच्या रांगेत होते, जाळीतून सगळं दिसत होतं. धम्मपालजींनी कागद दाखवला. तिने वाचला नसावा, त्यांनीच वाचून दाखवला असावा. ती वाद घालेल, रडेल, माझ्याकडे बोट करेल, म्हणून मी तयार होते. तिने फक्त पिशवी पुन्हा सायकलच्या हॅंडलला अडकवली. सगळ्या बायका पाण्यातच थांबल्या होत्या, हनुवटीपर्यंत. कोणी सुटत नव्हतं. आम्रपालीने शिट्टी वाजवली तेव्हा रांगा हलल्या.

जाताना ती बाकाजवळ एकदा थांबली, सायकल धरून. मग गेली.

तीन नंबरमध्ये एक जागा रिकामी झाली. आम्रपालीने माझ्याकडे न बघता म्हटलं, "आंटी, आप आ जाओ इधर. वयाच्या सिनिऑरिटीने आता तुमचाच नंबर." मी गेले. पाणी खरंच थंड होतं. आठ फेऱ्या केल्या, हनुवटी वर, आवाज न करता. कोणाशी धक्का लागला नाही. माझ्या मागे-पुढे इतकी मोकळी जागा या तलावात मी कधी पाहिली नव्हती.

११ मे

कोणी बोलत नाही. मी खोलीत गेले की बोलणं थांबतं. या बायकांना माझ्याबद्दल काय कळलं असेल? आणि त्यांना आधीपासून काय माहीत होतं? सगळ्यांना माहीत असून मलाच माहीत नव्हतं, असंही असेल.

उद्या कॅम्प-१ला जाऊन विचारणार आहे. घरचा पत्ता अर्जाच्या उत्तरात आहे. नीतूला सांगितलेलं नाही.

१२ मे

रात्रीचे साडेनऊ. जे झालं ते क्रमाने लिहिते.

कॅम्प-१मध्ये मी इतक्या वर्षांत चार-पाचदा गेले असेन, बाजारापुरती. गल्ली अरुंद, ऑटो बाहेरच थांबला. घर सापडायला वेळ लागला नाही. दाराशी एक म्हातारी बाजेवर बसून लसूण सोलत होती. रुक्माची सासू, शकुबाई. मी नाव सांगितलं. तिने डोळ्यांवर हात धरून मला पाहिलं आणि आत हाक मारली, "अवं रुक्मा, देवीदासची बायको आली पाय."

रुक्मा पदराला हात पुसत आली. मी पायरीवर उभ्या उभ्याच विचारलं, पोहायला तुला यांनी शिकवलं का?

तिला प्रश्न कळला नाही. दुसऱ्यांदा विचारला, डावा हात वर करून दाखवला. तेव्हा म्हातारी हसायलाच लागली. म्हणाली, "त्याले कोण शिकवते? आमच्या गावचे सारेच असे पोहतेत. शेती नदीच्या पल्याड. अंगावरचं लुगडं भिजलं तं चालते, पण कोरड्या कपड्याचं गाठोडं अन् भाताचा डबा भिजून कसा चालन? डाव्या हातात धरायचा अन् उजव्यानं पाणी ओढायचं. आमच्या पोरी चालाले लागायच्या आधी तसं पोहत."

रुक्मा पिंपळघाटची, आणि शकुबाईही मूळची तिथलीच लेक. यांच्या घरापासून चार घरं सोडून रुक्माचं माहेर.

मी म्हटलं, आणि बहीण? त्यांनी बहीण लिहिलं आहे.

"मंग काय लिहायचं होतं?" म्हातारीने विचारलं. "गावची लेक बहीण नाही तं कोण? रुक्माच्या लग्नात भाऊ म्हणून तोच उभा होता."

रुक्मा तिला गप्प करू पाहत होती, सासूच्या खांद्यावर हात ठेवून. मला तेव्हाच कळलं की अजून काहीतरी आहे. मी रविवारचं विचारलं.

रुक्मा खाली बघून म्हणाली, "राहू द्या ना जी वयनी. माणूस गेला."

पण म्हातारीने सांगितलं. पिंपळघाट धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हापासून गावचे भिलाईत असलेले लोक एक रविवार सोडून इथे जमतात. मासोळी आणतात, सगळे मिळून रांधतात, जेवतात, गप्पा मारतात. दहा-बारा घरं. हे दर वेळी यायचे. दुष्काळातून आल्यासारखे खायचे, म्हणाली, चार-चार वेळा वाढून घ्यायचे. आणि मग घरी वास जाऊ नये म्हणून तलावावर जायचे. इतर दिवशी कधी संध्याकाळी रुक्माही मासोळीचा डबा घेऊन तिथवर जायची, यांच्यासोबत पोहायला येणाऱ्या विजयकुमारांसाठी वगैरे, तेव्हा तिने मला बाकावर पाहिलं होतं. पुढे येऊन भेटावंसं वाटे, पण भाऊने सांगून ठेवलं होतं.

काय सांगून ठेवलं होतं?

"घरी नका सांगू म्हणून," रुक्मा म्हणाली. "तुमाले वास चालत नाही म्हणत. अन्..." ती थांबली.

म्हातारी लसणाची साल झटकत म्हणाली, "अन् तुमच्या समोर बोलाले भीत होता तो. इथं आला की दोन घंटे त्याची बडबड थांबतच नव्हती. आमी म्हणो, देवीदास, घरी तुले तोंड नाही का बाबू?"

विजयकुमारजींनाही माहीत होतं म्हणजे. फोनवर हसले ते काय म्हणून हसले?

रुक्माने चहा केला. मी पासाबद्दल बोलले, चूक झाली म्हटलं. ती म्हणाली, पास गेला तर गेला. मग बशी खाली ठेवताना म्हणाली, "पण साऱ्या जणी पाहून राहिल्या होत्या जी. चोरासारखं."

मी चहा संपवून उठले.

गाव बुडाल्याची बातमी पेपरात आली होती ते आठवतं. यांनी वाचली, पेपरची घडी घातली, म्हणाले, गेलं. मी विचारलं, चहा ठेवू का. हो म्हणाले. इतकंच. तो रविवार होता की नाही, आठवत नाही.

भीत होता. साठ टन तापलेलं लोखंड ज्याच्या डोळ्यांसमोरून सरकायचं तो माणूस मला भ्यायचा? म्हाताऱ्या माणसांचं सगळंच मनावर घेऊ नये. मी कधी आवाजसुद्धा चढवला नाही.

१३ मे

मला सांगितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? डबा घरी आणला असता तरी चाललं असतं. मी खिडक्या उघडल्या असत्या.

१६ मे

ऑफिसात गेले. अर्ज मागे घेते म्हटलं. धम्मपालजी म्हणाले, तसं होत नाही मॅडम, पास रद्द झाला की नवीन शिफारस लागते, आणि साहेब वारले आहेत, तेव्हा ती तुम्हालाच द्यावी लागेल. नवा फॉर्म काढला. नात्याच्या रकान्यापाशी त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "हा तुम्हीच भरा."

मी नणंद लिहिलं. आधीच्या अर्जाला टाचणी लावून त्यांनी दोन्ही कागद एकत्र फाइलमध्ये ठेवले. एका महिलेची एका महिन्यात दोन पत्रं, दोन्ही खरी.

पास घेऊन आम्रपाली स्वतः कॅम्प-१ला गेली. तिने परत येऊन सांगितलं की रुक्मा सध्या येणार नाही म्हणते. बघू म्हणाली, पाऊस पडल्यावर. आणि रविवारी मला जेवायला बोलावलं आहे.

मी सहा नंबरला परत गेले. आम्रपाली काही म्हणाली नाही, पण शिट्टी माझ्यासाठी जरा उशिरा वाजवली, धाप जाईपर्यंत.

२१ मे

जेवून आले.

नीतू येते म्हणत होती, मी नको म्हटलं. पांढरी कोटा साडी नेसले. यांच्या आवडीची, असं मी समजत आले. गल्लीच्या तोंडापासूनच फोडणीचा वास येत होता. नाकाला पदर लावायचा नाही असं ठरवूनच गेले होते, आणि लावला नाही.

अंगणात सतरंजी, वीस-पंचवीस माणसं. मी आत पाऊल ठेवलं आणि सगळे उठून उभे राहिले. रुक्माचा नवरा, भय्याजी, हात जोडून पुढे आला. "नमस्कार वहिनी. आपण इथे बसावं. उकडत असेल तर पंखा आपल्याकडे वळवतो." एकेका शब्दावर पाय ठेवून, जसं कोणी निसरड्या पायऱ्यांवरून उतरतं. दुसऱ्या एका गृहस्थांनी आपल्या मुलाला खालच्या आवाजात दटावलं, मले नको म्हणू, मला म्हण, नीट बोल. ते वाक्य मला ऐकू यावं असं नव्हतं.

माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात वांग्याची भाजी केली होती, वेगळी पळी, वेगळं ताट. मी म्हटलं, मलाही तेच वाढा. रुक्माने माझ्याकडे पाहिलं, मग थोडा रस्सा भातावर घातला. तुकडा घातला नाही. मी खाल्लं. तिखट होतं. चवीबद्दल काय लिहावं कळत नाही. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचं आहे असं सगळ्यांनी समजून घेतलं आणि गूळ पुढे केला.

जेवताना कोणी बोलेना. बोललं तर मला विचारून. आपल्याला अजून भात हवा का. आपली तब्येत कशी आहे. देवीदासजी फार सज्जन गृहस्थ होते. इतकं हळू, इतकं सांभाळून, प्रत्येक वाक्य आधी मनात एकदा म्हणून बघितल्यासारखं. हे बोलणं मी ओळखत होते. हे घरी माझ्याशी असंच बोलायचे, वाक्यागणिक जरा थांबून. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, किती मऊ बोलतात तुझे मिस्टर. मीही सगळ्यांना तेच सांगत आले, यांचा स्वभावच शांत.

शकुबाई एकटी नेहमीसारखी होती. ताट पुढे ओढत म्हणाली, "आज काय मयतीले आले का सारे? बोला ना." कोणी हसलं नाही. भय्याजी माझ्याकडे बघून ओशाळला.

ताक घेऊन मी उठले. ऑटो थांबला आहे म्हटलं. खरं तर त्याला तासभराने यायला सांगितलं होतं, पण तो होता कोपऱ्यावर, सीटवर पाय पसरून. रुक्मा दारापर्यंत आली. मी विचारलं, पाऊस पडल्यावर नक्की ना? ती म्हणाली, "पाहू जी वयनी." पुन्हा जेवायला या असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

दार लोटलं गेलं. मी दहा पावलं गेले असेन तोच मागे कोणीतरी मोठ्याने काहीतरी म्हटलं आणि सगळं अंगण एकदम हसलं. मग एकमेकांवर चढून बोलणं सुरू झालं, बायकांचं, पुरुषांचं, कोणी कोणाला थांबू देत नव्हतं. भांडी वाजली. कोणी ओरडलं, मले वाढ ना अजून, मघापासून उपाशी बसून राहिलो. त्यावर पुन्हा हशा.

माणसं किती मोकळी बोलतात. भिंत उन्हाने तापली होती, तरी मी तिच्या कडेला उभी राहिले.

ऑटोवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "मॅडम, कोई और आने वाला है क्या?"

मी नाही म्हटलं. आणि त्याला म्हटलं, जरा वेळ इंजिन सुरू करू नको.